शेवटचं नीट कधी बघितलं?

वेळ ही माणसानं केलेली वस्तू आहे, असं मी आजवर छातीठोक सांगत आले. मला नाही कळणार तर कुणाला? एसटीत कंडक्टर आहे मी. डेपोतला एक कागद बदलला की नऊ दहाची गाडी नऊ पंचवीसची होते, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव नऊ पंचवीसला फाट्यावर येऊन उभं राहतं. त्या कागदावर सूर्याची सही लागत नाही.

आप्पांना हे कधी पटलं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. ईट गावाच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथं आई आणि ते दोघंच राहतात. थोडी जमीन, दोन बैल, एक विहीर. आप्पांनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. "दिस काय तुझ्या डेपोतून सुटतो का?" असं मला चिडवायचे. मी म्हणायची, "दिस सुटत नसंल, पण तास आमीच पाडलेत." त्यावर ते म्हणायचे, "मग पाड की एखादा जास्तीचा. ज्वारी राखायला हुईल." आणि स्वतःच खदखदून हसायचे. या वादात आमची कितीतरी संध्याकाळची जेवणं थंड झाली. आई दोघांनाही शिव्या घालायची.

गेल्या थंडीतली गोष्ट. दुपारच्या आधी कळंबहून बार्शीची गाडी घेऊन मी निघाले होते. येरमाळ्याच्या अलीकडं फोन आला. वाडीतला शेजारी होता, ज्याच्याकडं पिकअप आहे तो. "ताई, घाबरू नका," म्हणाला. एवढं ऐकलं आणि मी तिथंच घाबरले. कारण घाबरण्यासारखं काही नसलं की आमच्याकडं कुणी असं म्हणत नाही.

"आप्पाचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना, बोलता येईना. रानात पडले हुते लिंबाखाली. काकूनं बघितलं. भूमला दाखवलं, तिथला डॉक्टर म्हणतोय बार्शीला पळवा, अजिबात वेळ घालवू नका. निघालोय आमी."

अजून निम्म्या गाडीची तिकिटं काढायची होती. मशीनवर भलतंच गाव दाबलं जात होतं. एक म्हातारा सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायला लागला, त्याला मी असं काही बोलले की तो पुढं बार्शीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसला. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, दाबतो जरा, पण थांबे तर घ्यावेच लागतील." बरोबर होतं त्याचं. प्रत्येक फाट्याला माझ्याच हातानं मी बेल मारली आणि गाडी थांबवली. कुणी बोचकं चढवतंय, कुणी पोराला हाक मारतंय, कुणी अर्धा पाय आत ठेवून विचारतंय, गाडी कुठं जाते. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि गाडी मात्र कागदावरच्या वेळेनं चाललेली. तो कागद फाडून खावासा वाटत होता मला.

बार्शी स्टँडवर मशीन आणि बॅग कंट्रोलरच्या हवाली केली, त्यांनी दुसरा माणूस गाडीवर दिला. मी रिक्षा करून दवाखान्यात पोचले तरी पिकअप आलेली नव्हती. दारात उभी राहिले. रस्त्यावरची प्रत्येक पांढरी गाडी आमचीच वाटायची.

आली तेव्हा आई मागं हौद्यात बसलेली होती. मांडीवर आप्पांचं डोकं, वरून स्वतःच्या पदराची सावली धरलेली. आप्पांचे डोळे उघडे होते. मला बघून त्यांनी तोंड हलवलं, पण नुसता घोगरा आवाज आला आणि उजव्या कोपऱ्यातून लाळ गळली. आयुष्यात ज्या माणसाला कधी शब्द कमी पडला नाही, त्याचं हे असं झालेलं. पण रडायला कुणाला सवड होती? स्ट्रेचर आलं, त्यांना आत नेलं, डोक्याचा फोटो काढला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दीड वाजून गेला होता. तरुण होते, घाईत होते, पण बोलणं सरळ होतं.

"रक्तस्राव नाहीये. गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आपल्याकडं आहे. हात, बोलणं, बरंचसं परत येऊ शकतं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर डोक्यात रक्त फुटायची भीती वाढते, माणूस हातचा जातो. मला एकच सांगा. आजोबांना शेवटचं नीट कधी बघितलं? चालताना, बोलताना, अगदी नीट?"

आई म्हणाली, "दिस कासराभर वर आला हुता."

कासरा म्हणजे बैलाचा दोर. दिवस उगवला की तो किती वर चढला हे आमच्याकडं त्या दोराच्या लांबीनं सांगतात. आईनं हात वर करून दाखवलंही, दवाखान्याच्या भिंतीवर, रक्तदाबाच्या तक्त्याच्या थोडं वर.

डॉक्टर हसले नाहीत. "माझी आजीपण असंच सांगायची, मावशी. पण मला घड्याळातली वेळ पाहिजे. किती वाजले होते?"

"आता ते म्या कसं सांगू? म्या काय घड्याळ बांधून भाकरी दिली का?"

"आई, आठव," मी म्हणाले. "घरून निघालीस तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघितलंस का?"

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. "बघितलं. निघताना बघितलं. नऊ वाजले हुते. बरुबर नऊ. भाकरी दिली, ठेचा दिला, चांगले बोलले माझ्याशी. बैल कुठं बांधू, इचारलं म्या. तिकडं बांध म्हणले. मग म्या वरच्या रानात तुरीकडं गेले. परत आले तर ते असे."

डॉक्टरांनी बोटांवर हिशोब केला. "नऊला निघालात, शेतात पोचलात सव्वानऊला. म्हणजे पावणेदोनपर्यंत. हातात थोडा वेळ आहे." ते वळलेसुद्धा.

आणि मला आठवलं. आमच्या घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे. मी शाळेत जात होते तेव्हापासून. सकाळची एसटी चुकू नये म्हणून पुढं केलेलं, ते कुणी मागं घेतलंच नाही. आमच्या भागात बऱ्याच घरांत हे असंच आहे. सगळ्यांना माहीत असतं, सगळे मनातल्या मनात वजा करतात.

"डॉक्टर, थांबा!" मी ओरडले. "आई, नऊ म्हणजे घड्याळातले नऊ, का खरे नऊ?"

"खरे म्हंजी?"

"वीस मिनिटं वजा करून सांगितलंस का तशीच?"

आई विचारात पडली, मग चिडली. "काय की बाई. काटा नवावर हुता. माझ्या डोळ्यानं बघितला."

म्हणजे तसेच. म्हणजे खरं तर नऊला वीस कमी. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी परत हिशोब केला आणि त्यांचा चेहरा पडला. त्या हिशोबानं मुदत संपून दहा मिनिटं झाली होती. ज्या वीस मिनिटांनी मला कधी शाळेला उशीर होऊ दिला नाही, ती आज बापाच्या जिवातून कापली जात होती. इतका राग आला मला. घड्याळाचा, माझा, त्या कासऱ्याचा, कुणाचा ते कळेना.

आईला हिशोब कळला नव्हता, पण चेहरे वाचता येत होते. ती एकदम पुढं झाली.

"दहा," ती म्हणाली. "दहाला नीट हुते. दहा लिवा सायेब."

"आई!"

"तू गप बस. आली मोठी कंडक्टर! दहाला म्या परत गेलते. बोलले ते माझ्याशी. लिवा दहा."

"काय बोलले?" मी विचारलं.

ती माझ्यावरच ओरडली, "बाप हाय का दुश्मन हाय तुजा?" कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली.

डॉक्टर आईसमोर खाली वाकले. म्हणाले, "मावशी, वेळ मी लिहायची म्हणून विचारत नाही. तुम्ही दहा म्हणालात आणि खरे साडेआठ असले, तर हेच इंजेक्शन त्यांना मारून टाकू शकतं. माझ्या हातानं, तुमच्यासमोर." आईनं ते ऐकलं आणि ती मटकन खाली फरशीवर बसली. "मग म्या काय करू?" म्हणाली. "त्यास्नी मधी कुणीच बघितलं न्हाय तर म्या काय करू?" खोटं बोलून ती दमली होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थपडा द्याव्यात असंही वाटलं.

मी शेजाऱ्याला विचारलं, त्यानं बघितलं का आप्पांना? नाही. दुसरं कुणी रस्त्यानं गेलं का? त्यानं दोघातिघांना फोन लावले. कुणी उचलेना, उचलला त्यानं बघितलेलं नव्हतं. मीही वाडीतल्या कुणाचा तरी नंबर शोधायला फोन काढला, आणि तिथं सकाळची एक ओळ दिसली. आप्पा. मिसकॉल. नऊ बावन्न.

इथं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं शेतातली लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन वर्षांपूर्वी आमच्या भावकीतला एक जण मोटर चालू करताना पेटीत शॉक लागून जागेवर गेला. तेव्हापासून मी आप्पांच्या मागं लागले होते की मोटर चालू केली की मला एक रिंग द्यायची आणि कट करायची. एक रिंग म्हणजे मोटर चालू झाली, माणूस शाबूत आहे. मी उचलायचा नाही, परत लावायचा नाही. खरंच काम असलं तर पूर्ण वाजू द्यायचा. आप्पा कुरकुरले, पण पाळायला लागले. कितीदा तिकिटं फाडताना कमरेशी फोन एकदा थरथरायचा आणि मी निर्धास्त व्हायची.

मी डॉक्टरांच्या मागं धावले. त्यांना ते सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी फोन हातात घेऊन बघितला.

"फोन केला म्हणजे बरे होते असं नाही ना, ताई. त्रास सुरू झाल्यावरही माणूस फोन करतो."

"मग पूर्ण वाजला असता. एकदाच वाजला. मी सकाळच्या फेरीत होते. एकदा थरथरला आणि बंद."

"नक्की एकदाच?"

"नक्की." आणि ते खरं होतं. ते मला आजही आठवतं. एका बाईला हाफ तिकीट देत होते, मशीन डाव्या हातात होतं, एकदाच थरथरला.

"या आठवड्यात लाईट दिवसाची होती?"

शेजारी म्हणाला, "व्हय सायेब. दिवसपाळीच हाय. धाच्या आसपास येती."

डॉक्टर आत गेले, दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, आप्पांच्या डोक्याचा फोटो परत बघितला. मी दारातल्या काचेतून बघत होते. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे तिकडंच जायचे. ते बाहेर आले आणि म्हणाले, फोटोतही गुठळी फार जुनी दिसत नाहीये, मिसकॉल धरला तर मुदतीत आहोत, पण खात्री मी देऊ शकत नाही, निर्णय तुमचा. कागद पुढं केला.

आईनं माझ्याकडं बघितलं. मीच सही केली. माझी सही रोज शंभर ठिकाणी होते, त्या दिवशी पेन कागदावर सरकेना.

इंजेक्शन चालू झालं. त्यानंतरची ती दुपार मला सांगता येत नाही. नर्स दर थोड्या वेळानं यायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, रक्तदाब बघायची. आप्पा कण्हले की वाटायचं, फुटलं आत काहीतरी. आई खुर्चीवर बसायला तयार नव्हती, भिंतीला टेकून फरशीवर बसून राहिली. मी तिला म्हणाले, "आई, माझं चुकलं असलं तर?" ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं. म्या तर तोंडानं खोटं बोलले. तू निदान फोन दाखवला." तेवढ्यानं मला जरा बरं वाटलं.

कडुसं पडायला लागलं, बाहेर रस्त्यावर दिवे लागले, तेव्हा नर्सनं आप्पांना उजवा हात उचलायला सांगितलं. उचलला नाही. पण बोटं हलली. दोन बोटं. आईनं ते बघितलं आणि इतक्या जोरानं रडली की वॉचमन धावत आला.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा आप्पा काठी घेऊन चार पावलं टाकत होते. बोलणं मात्र मागं राहिलं. शब्द शोधून शोधून आणायचे, एखादा सापडला नाही की रागानं मांडीवर हात मारायचे. सुट्टी मिळाली की मी वाडीला जायची, त्यांच्यासमोर बसून गावांची नावं म्हणवून घ्यायची. ईट. भूम. वाशी. तेरखेडा. कळंब. तेरखेड्याला जीभ अडायची, तर म्हणायचे, "गाडी... बंद पडली." हसायचे. माझ्या जिवात जीव यायचा.

एकदा असंच सकाळी अंगणात उन्हाला बसलो होतो. आई धारा काढून दूध आत नेत होती. माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. मी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी तुमच्या मोटरीनं वाचवलं बघा. तुम्ही मोटर चालू करून रिंग दिली नसती, तर डॉक्टरनं इंजेक्शन दिलं नसतं."

आप्पांनी मान हलवली. नाही म्हणून.

"काय नाही?"

"मोटर... न्हाय. लाईट... आलीच नव्हती."

मला कळेना. "मग रिंग कशाची दिली?"

त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मला दाखवला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. "ह्यो... गेला. म्हणून... तुला लावला. डाव्या हातानं." थांबले. शब्द गोळा केले. "फोन... पडला. कट झाला. मातीत... घावंना."

म्हणजे ती एक रिंग मोटरीची नव्हती. हात पडल्यावरची होती. म्हणजे ज्या आधारावर मी सही केली तो आधारच नव्हता. मी तशीच पुढं सरकले आणि डॉक्टरांसारखी विचारायला लागले. "हात गेल्यावर किती वेळानं लावला? लगेच? का बऱ्याच वेळानं?"

"लई वेळानं."

"लई म्हंजी किती, आप्पा? भाकरी झाल्यावर लगेच पडलात का? ऊन कुठं होतं?"

त्यांनी आठवून बघितलं. खरंच बघितलं, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. मग हात हलवला. "ऊन... दिसत नव्हतं. लिंबाखाली... तोंड खाली." आणि थोडं थांबून म्हणाले, "फोन वाजंल... म्हणून... वाट बघितली. तू... लावशील म्हणून."

मी परत लावलाच नव्हता. लावायचा नाही, हा माझाच नियम होता. कमरेशी एकदा थरथरला होता आणि मी निर्धास्त होऊन हाफ तिकीट फाडलं होतं.

"किती वेळ वाट बघितली, आप्पा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी शब्द शोधावा लागला नाही.

"तू येईस्तोवर," म्हणाले.

आई दारात उभी राहून ऐकत होती. एरवी तिनं, म्या हुते की तिथं, म्या काय मेलते का, असं म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिनं दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि आप्पांच्या अंगावरची घोंगडी नीट केली. मी त्यांचा तो उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. धरून बसले. फाट्यावर माझी परतीची गाडी येऊन गेली, हॉर्नही ऐकू आला, तरी मी उठले नाही.